जुळे सोलापुरातलं जुनं घर विकायचंय, तीन लाखांत काय काय करावं?

वाटसरू_सैफुल
नमस्कार मंडळी. जुळे सोलापुरात वडिलांनी १९९६ साली बांधलेलं घर आहे. दीड हजार चौरस फुटांचा प्लॉट, खाली हॉल, किचन, दोन खोल्या, वर मोकळी गच्ची, जिना बाहेरून. वडील गेले, आई आता आमच्याकडे पुण्याला असते, बहीण लातूरला. घर कुलूपबंद पडून आहे. दसऱ्यापर्यंत विकावं असं तिघांचंही मत झालंय.

सध्याची अवस्था अशी: हॉलच्या एका कोपऱ्यात छताला ओलीचा डाग. सगळीकडे शहाबादी फरशी, किचनला कडाप्प्याचा ओटा. संडास एकच, तोही देशी आणि मागच्या बाजूला बाहेर. हौद साधारण दोन हजार लिटरचा. बोअर आहे, पाणी जड आहे. वायरिंग जुनंच. गेट लहान, गाडी आत जात नाही. समोरचं दार सागवानी, ते मात्र अजून दणकट.

खर्चाची तयारी तीन लाखांची. मेहुणे म्हणतात मॉड्युलर किचन करा, हॉलला पीओपी करा, समोरून नवीन एलिव्हेशन द्या, किंमत पाच-सात लाखांनी वाढेल. एजंट म्हणतो काहीच करू नका, आहे तसं द्या. कुणाचं ऐकू?

उन्हाळी_काम
वाचतोय. आमचंही शेळगीचं घर काढायचंय. रुमाल टाकून ठेवतो.

ओळंबा
सोलापुरात बरीच वर्षं बांधकामाची कामं करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या घराच्या किमतीत मोठा वाटा जागेचा आहे. बांधकाम तीस वर्षांच्या घरात आलंय. बँकेचा व्हॅल्युअर येतो तेव्हा जागा वेगळी धरतो, बांधकाम वेगळं, आणि बांधकामातून वयाप्रमाणे घसारा वजा करतो. मॉड्युलर किचन त्याच्या अहवालात एका ओळीत येतं नि जातं. छताची ओल, उघडी पडलेली सळई, भिंतीची तिरकी भेग मात्र फोटोसकट येते. गिऱ्हाइकाला कर्ज किती मिळणार ते त्या अहवालावर ठरतं. म्हणजे तुमचा सौदा अडला तर तो ओलीपायी अडेल, कडाप्प्यापायी नाही.

पीओपी आत्ताच रद्द करा. जुन्या घराला नवीन पीओपी दिसलं की चार घरं फिरलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो, वर काय झाकलंय? शिवाय हॉलची उंची कमी होते ती वेगळीच.

ओल नक्की कुठून येतेय ते शोधा. गच्चीचे पाइप बोळे घालून बंद करा, दोन इंच पाणी चोवीस तास उभं ठेवा आणि खाली बघत राहा. (बोअरचं पाणी वापरा. नळाचं वापरलंत तर शेजारी भांडायला येतील.) बहुतेक वेळा गळती स्लॅबच्या मधून नसते. कठड्याची भिंत आणि स्लॅब जिथे मिळतात तो सांधा, नाहीतर पाण्याच्या पाइपाचं तोंड, या दोन जागा आधी तपासा. तिथलं जुनं प्लास्टर फोडून, सांधा भरून, गोलाई देऊन वॉटरप्रूफिंग केलं की बरंचसं भागतं. अख्ख्या गच्चीवर नवीन विटांचा कोबा घालायला कुणी सांगितलं तर आधी विचारा की जुना काढणार का. जुन्यावर नवा चढवला तर तीस वर्षांच्या स्लॅबवर फुकटचं ओझं येतं.

दुसरं म्हणजे काळी माती. आपल्याकडे ती उन्हाळ्यात आकसते, पावसाळ्यात फुगते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग गेली असेल तर तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून तारीख घाला. मे महिन्यात भेग रुंद आणि श्रावणात मिटलेली दिसली तर नुसतं पुट्टी भरून उपयोग नाही, पुढच्या उन्हाळ्यात ती परत उघडणार. पायाजवळ पाणी मुरू न देणं हा स्वस्तातला उपाय. घराच्या चारही बाजूंनी भिंतीला लागून दोन-तीन फुटांचा फरशीचा पट्टा, उतार बाहेरच्या बाजूला. तोटीचं, कूलरचं, मोरीचं पाणी भिंतीच्या बुडाशी सांडतंय का तेही बघा. घराला लागून मोठं झाड असेल तर सांगा, त्याचं वेगळं लिहितो.

नवी_चावी
ओळंबादादांना +१. आम्ही गेल्याच वर्षी तुमच्याच भागात जुनं घर घेतलंय, तेव्हा घेणाऱ्याच्या बाजूने सांगते.

घर बघायला गेलो की मिस्टर आधी हौदाचं झाकण उघडायचे. खरंच. हॉलमध्ये नंतर. शेजारच्या काकूंना विचारायचं, पाणी किती दिवसांनी येतं, किती वेळ येतं, प्रेशर कसं असतं. चार-पाच दिवसांनी नळ येणार असेल तर दोन हजारांच्या हौदात पाच माणसांचं भागत नाही, टँकर आलाच. उजनी धरणावरून पाणी आणणाऱ्या समांतर जलवाहिनीच्या गोष्टी प्रत्येक विकणारा सांगतो. आम्ही म्हणायचो, ते पाणी येईल तेव्हा येईल, आजचा हौद दाखवा.

संडासाचं तर लिहावं तेवढं थोडं. सासूबाईंचे गुडघे गेलेले. रात्री मागच्या अंगणात जाऊन देशी संडास वापरायचा या एका कारणाने एक चांगलं, उजेडाचं, पूर्वमुखी घर आम्ही सोडलं. मालकांना वाटलं भावावरून फिसकटलं. तुमच्या बाथरूमला लागून जागा असेल तर घरातच कमोड बसवा. फ्लश टाकीवाला, छोटं-मोठं अशा दोन बटणांचा घ्या. थेट भिंतीतला व्हॉल्व्ह आपल्याकडच्या प्रेशरला नीट चालत नाही आणि पाणीही जास्त खातो.

किचनमध्ये मॉड्युलर नको होतं असं नाही, पण प्रत्येकीला ते आपल्या मनासारखं हवं असतं. मला ट्रॉल्या नकोच होत्या, मला भांडी घासायला बाहेर जागा आणि वॉशिंग मशीनला नळ हवा होता. ओटा कडाप्प्याचा असेना का, वर टाइल्स स्वच्छ, एक्झॉस्टला भोक, चार प्लग पॉइंट. एवढं पुष्कळ झालं.

आणि खिडक्यांना जाळी! संध्याकाळी सहाला घर बघायला गेलात आणि डास चावले की घर लक्षात राहतं ते डासांसाठीच.

ओळंबा
हौदाचा हिशोब देतो. शहरी पाणीपुरवठ्याचं नियोजन माणशी रोज १३५ लिटर धरून करतात. पाच माणसांचे ६७५ लिटर, पाच दिवसांचे ३,३७५. त्यात धुणं, पाहुणे धरा आणि पाच हजारांचा हौद करा. आतून सहा बाय सहा, खोली पाच फूट, एवढ्यात पाच हजार लिटर बसतात. जुना हौद फोडून मोठा करण्यापेक्षा शेजारी दुसरा घेऊन पाइपने जोडणं बऱ्याचदा सोपं जातं. गेट रुंद करायचंच आहे तर खोदाई, मुरूम, सिमेंट एकदाच मागवा. गाडी साडेपाच-सहा फूट रुंद असते. समोरचा रस्ता अरुंद असेल तर वळवून आत घ्यायला गेट दहा फुटांचं लागतं.

दोन_टक्के
सगळेच इंजिनिअर झालात राव! मी रोज गिऱ्हाईक फिरवतो, माझंही ऐका.

माणूस आधी मोबाइलवर फोटो बघतो. फोटोत हौद दिसत नाही. फोटोत दिसतो बाहेरचा रंग, गेट, हॉलचा उजेड आणि फरशी. शहाबादी बघितली की पस्तिशीच्या आतलं जोडपं पुढच्या घराच्या फोटोकडे वळतं. निम्मी गिऱ्हाइकं पुण्या-बेंगळुरात बसून व्हिडिओ कॉलवर घर बघतात. गोव्याचं विमान सुरू झाल्यापासून होटगी रोडच्या मालकांची तर भाषाच बदलली आहे, ते सोडा. पण पहिली पाच मिनिटं डोळ्यांची असतात, हे नाकारू नका.

वाटसरू, बाहेरून रंग द्या. भडक नको. समोरच्या भिंतीवर दगडी क्लॅडिंग चिकटवू नका, जुन्या घराला ते उपरं दिसतं आणि उन्हाने सुटतं. हॉल आणि किचन एवढ्यात व्हिट्रिफाइड टाइल्स टाका. आणि घरातलं सामान काढा हो! आईच्या गोधड्या, वडिलांच्या फाइली, मोडका कूलर, गच्चीवरची गंजकी पत्र्याची पेटी. कुलूपबंद घर आधीच उदास दिसतं. रिकामी, झाडलेली, बल्ब चालू असलेली खोली मोठी दिसते, आणि याला पैसा लागत नाही.

ओळंबा
सामानाचं शंभर टक्के बरोबर. टाइल्सचं अर्धं पटतं. जुन्या शहाबादीवर टाइल चिकटवली की तळ अर्धा-पाऊण इंच वर येतो. मग सगळी दारं खालून कापा, बाथरूमचा उंबरा बुडतो, हॉलमधून किचनमध्ये जाताना ठेच लागते. करायचं तर जुनी काढून करा, आणि ते तीन लाखांच्या बजेटला जड जाईल.

शेंगाचटणी
शहाबादीला नावं ठेवणाऱ्यांनी मे महिन्यात दुपारी त्या फरशीवर उघड्या अंगाने झोपून बघावं. शहाबाद इथून हाकेच्या अंतरावर, कलबुर्गी जिल्ह्यात. आपल्याकडे ही फरशी उगाच नाही आली. मशीन मारून घासून घे, सांधे नीट भरून घे, पॉलिश कर. अशी काळी-निळी चकाकते की व्हिट्रिफाइडवाले विचारतात कुठून आणली.

आणि गच्चीचं कुणी बोलेनाच! बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीत स्लॅब रात्री अकरापर्यंत भट्टी असतो. दुपारी दोनला गच्चीवर अनवाणी उभं राहून दाखव बे, मग बोलू. पांढरा रंग मार गच्चीला. कंपनीचं कोटिंग परवडलं तर ते, नाहीतर चुना, पांढरं सिमेंट आणि चिकट मिसळून दोन हात. खालची खोली निवते, हे मी आमच्या घरी अनुभवतोय.

ओळंबा
फक्त क्रम चुकवू नका. आधी गळती, मग पांढरा रंग. भेगा भरल्याशिवाय रंग मारला तर एका पावसात पापुद्रे. चुन्याचा हात दरवर्षी उन्हाळ्याआधी पुन्हा द्यावा लागतो, आणि आपल्या धुळीत कोणताही पांढरा रंग धुतल्याशिवाय पांढरा राहत नाही.

वीजबिल_वाचणारा
सोलर? पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटला किलोवॅटमागे ३०,००० रुपये सबसिडी, आणि तीन किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या सिस्टीमला जास्तीत जास्त ७८,०००. एक किलोवॅट दिवसाला सरासरी चार युनिट देतो, सोलापूरच्या उन्हात तर पॅनेलला सुट्टीच नाही. तीन किलोवॅटला तीनशे चौरस फूट गच्ची पुरते.

नवी_चावी
राहत्या घराला छान. पण वाटसरू तर घर विकतायत, कुलूपबंद घरावर वीज बनवून करणार काय? आम्हाला कुणी सोलरचे वेगळे पैसे मागितले असते तर आम्ही दिले नसते, स्वतःच सबसिडी घेऊन बसवलं असतं.

वीजबिल_वाचणारा
हेही खरं. मग एवढं करा: गच्चीवरून मीटरपर्यंत एक रिकामा केबल पाइप टाकून ठेवा आणि घरातली वायरिंग सुधारा. मेन बोर्डावर जादा लोड आला की वीज तोडणारा एमसीबी आणि शॉकपासून वाचवणारा आरसीसीबी, नवीन अर्थिंग, किचन आणि बेडरूममध्ये एसी-गिझर पेलेल अशी जाड वायर. १९९६ च्या बोर्डावर फ्यूजची तार बघून गिऱ्हाईक मनातल्या मनात लाखभर वजा करतं. नवीन बोर्डाला त्याच्या कितीतरी कमी लागतात.

फेरफार
तीन लाखांची चर्चा वाचली. मी तुम्हाला त्याच्या दहाव्या हिश्शात होणारी सुधारणा सांगतो, जिच्याशिवाय बाकी सगळं पाण्यात.

मालमत्ता पत्रकावर किंवा सातबाऱ्यावर अजून वडिलांचंच नाव आहे ना? वारस नोंद झाली का? तुम्ही, बहीण, आई अशी तिघांची नावं लागली पाहिजेत. बहिणीला सही करायला लातूरहून दोनदा यावं लागेल त्यापेक्षा तिची तयारी असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र करा, जवळच्या वारसांमध्ये त्याचं मुद्रांक शुल्क नाममात्र आहे. किंवा नोंदणीकृत मुखत्यारपत्र. पण गोड बोलून हक्क सोडायला लावू नका, तिचा वाटा तिला द्यायचा असेल तर मुखत्यारपत्रच बरं.

मग प्लॉट. जुळे सोलापूर आणि आसपास बरेच प्लॉट गुंठेवारीचे, म्हणजे मंजूर लेआउटशिवाय तुकडे पाडून विकलेले आहेत. तुमचा तसा असेल तर नियमितीकरण झालंय का बघा. गुंठेवारीचा कायदा २००१ चा, आणि २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची गुंठेवारी त्यात आली. प्रमाणपत्र नसेल तर बहुतेक बँका हात लावत नाहीत, आणि मग रोखीचं गिऱ्हाईक भाव पाडून मागतं.

बांधकाम परवाना, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, चालू वर्षापर्यंतच्या घरपट्टी-पाणीपट्टीच्या पावत्या, वीजबिल, सगळं एका फाइलीत. नकाशात नसलेली खोली किंवा संडास मागे वाढवलेला असेल तर आधीच सांगा. आता घरात नवीन कमोड बसवताना भिंती सरकवू नका, आहे त्या बाथरूममध्येच बसेल असं बघा.

वाटसरू_सैफुल
सगळ्यांचे मनापासून आभार, मेहुण्यांना हा धागा पाठवलाय. (ते सध्या शांत आहेत.)

फेरफार, प्लॉट बिगरशेती आदेशाचा आहे, गुंठेवारी नाही, नकाशा मंजूर आहे. वारस नोंद बाकी आहे, या आठवड्यात सिटी सर्व्हेला अर्ज देतो. बहिणीचा वाटा तिला मिळणारच आहे, त्यामुळे मुखत्यारपत्र.

ओळंबा, भेग आहे, मागच्या बेडरूमच्या खिडकीतून तिरकी, आणि त्याच बाजूला कडुनिंब आहे, भिंतीपासून सहा-सात फुटांवर. तोडावा लागेल का? आईने लावलेला आहे.

ओळंबा
एकदम तोडू नका. भावनेचं सोडा, तांत्रिक कारणही आहे: मोठं झाड जमिनीतलं पाणी सतत ओढतं, एकाएकी काढलं की कोरडी झालेली काळी माती परत पाणी पिऊन फुगते आणि भेग उलट वाढू शकते. शिवाय शहरात झाड तोडायला महापालिकेची परवानगी लागते. फांद्यांची माफक छाटणी, भिंतीलगत तो उताराचा पट्टा, आणि भेग खोलपर्यंत उकरून नीट भरून घेणं एवढं करा. व्हॅल्युअर यायच्या आधी एखाद्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवून त्याचं पत्र घेतलंत तर गिऱ्हाइकाच्या हातात ठेवता येईल. त्या पत्राची फी तुमच्या सगळ्या खर्चात सर्वांत सत्कारणी लागेल.

दोन_टक्के
कडुनिंबाची सावली ज्या खिडकीवर येते त्या खिडकीचा फोटो काढा, सकाळी नऊला. माझं ऐका, सोलापुरात सावली विकली जाते. आणि पितृपंधरवड्यात कुणी बघायला येणार नाही, तोवर रंगाचा वास जाऊ द्या. फोटो नवरात्रात टाका.

खतावणी
उशिरा आलो, पण एक राहिलंय. बिलं जपा. घर विकल्यावर भांडवली नफ्याच्या हिशोबात घराच्या सुधारणेचा खर्च वजा मिळतो. नवीन हौद, नवीन शौचालय, अख्खी वायरिंग ही सुधारणा. नुसता रंग, फुटलेली टाइल बदलणं ही दुरुस्ती, ती सहसा धरत नाहीत. गवंड्याला रोख देऊन कागदाच्या चिठ्ठीवर सही घेतली तर ती कामाची नाही. पक्कं बिल आणि बँकेतून पैसे. घर २००१ च्या आधीचं असल्याने १ एप्रिल २००१ चं मूल्यांकन काढायचा पर्यायही आहे, ते तुमच्या सीएला विचारा. आणि विसार घेताना वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घेऊ नका, जागेच्या व्यवहारात त्याला मनाई आहे.

वाटसरू_सैफुल
ठरलं ते असं: गच्चीची गळती आणि पांढरा हात, भेग आणि पट्टा, हौद-गेट एकत्र, बाथरूममध्ये कमोड, बोर्ड आणि अर्थिंग, जाळ्या, शहाबादीला मशीन, बाहेरून रंग. ओळंबांनी सुचवलेल्या क्रमानेच. मॉड्युलर आणि पीओपी बाद. कोटेशनं मागवतोय, बसलं नाही तर रंग फक्त समोरून.

उन्हाळी_काम
मस्त धागा. शेळगीच्या घरात बोअरचं पाणी इतकं जड आहे की नळांवर पांढरी पुटं चढलीत. नळ बदलू का?

नवी_चावी
बदलायच्या आधी लिंबूसत्व पाण्यात कालवून फडकं भिजवा आणि नळाला रात्रभर गुंडाळून ठेवा. आमचे निम्मे वाचले. उरलेले बदला, स्वस्तातले चालतील, पण एकाच जातीचे घ्या.

शेंगाचटणी
वाटसरू, ते सागवानी दार? कुणी सेफ्टी डोअर लाव म्हणेल, ऐकू नकोस. तरी काढणारच असशील तर आधी मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर बे, आमच्या भवानी पेठेतल्या घराची चौकट मोकळीच आहे.